काळी चारचा गंधार

कुंदा,

परवा तुझी शोकसभा झाली. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने तुला अष्टपैलू म्हटलं. एकाने तर अष्टपैलू म्हणून झाल्यावर चतुरस्र म्हटलं, आणि खाली बसता बसता बहुआयामी. मी मागच्या खुर्चीवर बसून तुझ्या वतीने तोंड वाकडं करत होतो, कारण हा शब्द ऐकला की तू काय म्हणायचीस ते त्या सभागृहात मला एकट्यालाच माहीत होतं. 'दिल्या, अष्टपैलू म्हणजे जिला सगळे बोलावतात आणि जिचं कुणीच थांबून ऐकत नाही ती.' सभेनंतर चहा होता, बिस्किटं होती, आणि गाडी कुठे लावली यावर बरीच गंभीर चर्चा चालली होती. पुण्यात माणसाने मरतानासुद्धा पार्किंगची सोय बघून मरावं.

मलाही बोला म्हणत होते. 'तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने साथीदार, चार शब्द बोला.' मी नाही म्हटलं. माझ्याकडे चार शब्द नव्हते, भांडण होतं. आणि भांडण सभेत सांगता येत नाही, त्यातून समोरचं माणूस उत्तर द्यायला नसताना तर नाहीच. तू असतीस तर एव्हाना मला तोडलं असतंस की पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये. तर मुद्दा तुझ्या पियानोचा आहे. सई तो शाळेला देतेय. लेकीने आईची वस्तू कुणाला द्यावी हा तिचा प्रश्न, त्यात मी काय बोलणार. पण देण्याआधी त्याचे सूर नव्याने लावायचे होते, म्हणजे तू शेवटच्या वर्षी हट्टाने लावून घेतलेले सूर मोडायचे होते. आज सकाळी मी तेच बघून आलो. आल्यापासून जेवलो नाही, म्हणून बायको चिडली आहे. तिला काय सांगणार, म्हणून तुला लिहितोय.

आपण एका गुरूची पोरं. नारायण पेठेत बुवांच्या खोलीखाली लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता आणि दुपारभर त्याची खटखट चालायची. बुवा म्हणायचे, तबलजी फुकट मिळालाय, तक्रार कसली करता. तू फ्रॉकमधली, मी हाफ पँटमधला. पुढे माझा आवाज फुटला तो परत जुळलाच नाही, तेव्हा बुवांनी मला पेटीकडे ढकललं. 'गळा गेला, कान शाबूत आहेत. हिची साथ कर.' त्या दिवसापासून मी तुझी साथ करत आलो. लोक लग्नात सात जन्मांच्या बाता मारतात. मला हा एकच पुरला.

बुवांची शिकवायची पद्धत म्हणजे न शिकवण्याची होती. तंबोरा लावून द्यायचे आणि म्हणायचे, 'ऐक. यातून गंधार आपोआप येतो. ऐकू आला की गा. नाही आला तर घरी जा, आईला मदत कर.' तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो. तो ऐकायला काही जणांना वर्षं लागतात. तुला तो ऐकू आला त्या दिवशी तू गायली नाहीस, नुसती बुवांकडे बघून हसलीस, आणि बुवा आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले. पेढे आणण्यातले ते नव्हते. चिमूटभर साखर तुझ्या हातावर, चिमूटभर माझ्या. मला ऐकू आला नव्हता तरी मिळाली.

आणि तेच कान घेऊन तू लष्कर भागात, कॅम्पात, जायला लागलीस. शाळेच्या प्रार्थनेला पियानो होता, त्यावर बोट ठेवलंस आणि बिघडलीस. गोव्याकडच्या एक मिस कॅम्पात पियानो शिकवायच्या. घरी सांगितलंस गणिताची शिकवणी. बुवांना काहीच सांगितलं नाहीस. तुझी सायकल कुठल्या फाटकापाशी उभी असते ते मला ठाऊक होतं, आणि बुवांनी मला विचारू नये म्हणून मी त्यांच्यासमोर बसायचंही टाळायचो.

त्यांनी मला विचारलं नाही. एक दिवस तू गात होतीस आणि त्यांनी तंबोऱ्यावर आडवा हात ठेवला. तारा मुक्या झाल्या.

'हा गंधार कुठून आणलास?'

तू खाली सतरंजीकडे बघितलंस.

'माझ्या घरातला नाही हा. चढा आहे. आळसाने चढलेला नाही, शिकून चढलेला आहे. कुठे जातेस?'

तू सांगून टाकलंस. बुवा रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, 'आवडतो?' तू हो म्हणालीस. 'गाण्यापेक्षा?' आणि कुंदा, त्या जागी दुसरं कुणीही असतं तर चटकन 'छे हो बुवा' म्हणून पाया पडलं असतं. तू विचार केलास आणि म्हणालीस, 'तेवढाच.' बुवांनी तुला घरी पाठवलं, एक काय ते ठरव आणि ये म्हणून. अख्खा श्रावण तू फिरकली नाहीस. मग एका सकाळी आलीस, दारात चपला काढल्यास आणि उंबऱ्यातूनच म्हणालीस, 'ठरवलंय. दोन्ही.' बुवा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, 'मग इकडे येताना कान धुऊन येत जा.'

तिकडे मिसची तक्रार उलटी. 'बेबी, तुझा हात बरोबर चालते, मग तू तोंड असं का करते?' तू त्यांना सांगितलंस की ही पट्टी खोटं बोलते. त्या हसल्या म्हणे. म्हणाल्या, सगळे पियानो खोटं बोलतात, वाजवणाऱ्याने ते कळू द्यायचं नाही. तू मला हे सांगताना इतकी चिडली होतीस की टिळक रोडला सायकल हातात धरून चालत होतीस, बसून चालवायचं विसरलीस. पुढे त्याच मिस गोव्याला परत जाताना आपला उभा पियानो तुला देऊन गेल्या. त्याच्याबद्दलच लिहितोय हे सगळं.

पट्टी खोटं बोलते म्हणजे काय, हे तुला सांगायला नको, पण परवा सईला सांगावं लागलं. तिला पियानोवर चार गाणी येतात, पण हे तिला तू कधी सांगितलंच नव्हतंस म्हणे. मी म्हटलं, अगं, पियानोच्या सप्तकातल्या बाराही पट्ट्या अगदी सारख्या अंतरावर लावतात, म्हणजे कुठल्याही पट्टीला सा धरून सुरुवात केली तरी गाणं सारखंच वाजतं. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक सुराला थोडं थोडं खरं सोडायला लावतात. गंधाराला तर चांगलाच चढवतात. सगळ्यांचं जरा जरा चुकवून सगळ्यांना सांभाळायचं. सई म्हणाली, 'काका, सेम आमचं ऑफिस.' याच्या उलट, एकच सा ठरवला आणि बाकीचे सूर त्याच्याशी अगदी खरे लावले, तर त्या सा-वरून पियानो तंबोऱ्यासारखा बोलतो. पण मग दुसऱ्या कुठल्याही सा-वरून भातात खडा लागावा तसं होतं. 'तुझी आई आयुष्यभर त्या दुसऱ्या प्रकाराच्या मागे होती,' मी तिला म्हटलं. सईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, 'मला वाटायचं आईला पियानो आवडतच नाही. वाजवताना कायम वैतागलेली असायची.'

तुझा सा काळी चार. चौथी काळी पट्टी. बुवांनी ठरवून दिलेला.

आणि मग तुझी ती कारकीर्द. सभेत तिला बहुरंगी वाटचाल म्हणाले. सकाळी कुठल्या तरी शाळेच्या गॅदरिंगची गाणी बसवायची, दुपारी स्टुडिओत मालिकेच्या शीर्षकगीतात मागच्या रांगेत उभं राहून 'आ' करायचा, संध्याकाळी कॅम्पातल्या हॉटेलात लोक सूप पीत असताना पियानो वाजवायचा. नाताळात चर्चमधल्या गाणाऱ्यांना साथ, गणपतीत नाट्यगीतं, लग्नसराईत 'ताई, एक जुनं होऊन जाऊ दे'. अलीकडे ते आयटीतले लोक, शनिवार-रविवार कर्वेनगरला तुझ्याकडे स्ट्रेस कमी करायला गाणं शिकायला यायचे आणि त्यांना शिकवून तुझा वाढायचा. हे सगळं तू उत्तम केलंस. मी पेटी खांद्याला लावून निम्म्या ठिकाणी बरोबर होतो, मला माहीत आहे. त्या हॉटेलच्या दरवानाने एकदा मला पेटी दुरुस्तीवाला समजून मागच्या दाराने पाठवलं होतं आणि तू लोकांना सूप सोडून ऐकावं लागेल असं काही तरी त्या संध्याकाळी वाजवलं होतंस, निव्वळ रागाने.

पण ख्यालाच्या मैफिलीला तुझं नाव निघालं की मंडळातलं कुणी तरी हळूच म्हणायचं, 'त्या पियानो वाजवतात ना?' दारू पितात ना, या सुरात. पियानोवाल्यांत तुझं नाव निघालं की, 'त्या आपलं शास्त्रीय गातात ना?' मग दोघांनी मिळून तुला फ्युजनला ढकललं. फ्युजनची तुझी व्याख्या मी अजून लोकांना सांगतो: दोघांनी आपापलं वाजवायचं आणि टाळ्या पडल्या की एकमेकांकडे बघून हसायचं.

तुला खरं तर एकच गोष्ट करायची होती आणि ती सांगायला एक वाक्य पुरतं. एक संथ ख्याल, स्वतःच पियानो वाजवत, आणि गळ्यातला गंधार नि पट्टीवरचा गंधार एक. बाकी तू जे केलंस ते सगळं यायच्या-जायच्या रस्त्यातलं. त्यासाठी पियानो काळी चारभोवती खरा लावून घ्यायला हवा होता. पण त्याच पियानोवर मुलं शिकायला यायची, त्यावर घर चालायचं; एका सा-चा पियानो करून ठेवलास तर त्यांना काय शिकवणार? 'सई मोठी होऊ दे.' सई मोठी झाली, बंगळुरूला गेली. 'ह्यांचं आजारपण निभावू दे.' तेही निभावलंस, श्रीधर गेले. 'क्लास जरा कमी होऊ देत.' मी तुला टोचायचो, की आता पियानोलाच पेन्शन मिळायची वेळ आली. तू म्हणायचीस, गप रे.

आणि मग तू 'पेटी नको' म्हणायला लागलीस.

लोकांना तू सांगायचीस की पेटीने बारीक श्रुती झाकल्या जातात. लोक माना डोलवायचे. कुणी तरी लेखही लिहिला त्यावर. मी समोर श्रोत्यांत, सतरंजीवर, मांडी घालून. हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. तंबोरा सुरू झाला की मला खरं कारण ऐकू यायचं. काळी चार नाही. त्याच्या खालची पांढरी पाचही नाही. मधेच कुठे तरी, जिथे कुठलीही पेटी पोचू शकत नाही, अशा जागी तू तंबोरा लावून ठेवलेला असायचा. वयाने आवाज उतरतो गं. सगळ्यांचा उतरतो. माणसं एक पट्टी खाली घेतात आणि गातात, आकाश काही कोसळत नाही. पण पेटी बरोबर असती तर पट्टी जाहीर झाली असती, म्हणून तू पेटीच काढून टाकलीस. मला किती लागलं ते मी कधी बोललो नाही. आता बोलतो: फार लागलं.

तशात एक दिवस तुझा फोन. 'ट्यूनर येतोय. ये.'

येरवड्याहून तो माणूस आला, चाळिशीचा, शांत, पिशवीत चाव्या आणि रबराचे तुकडे. एका सा-भोवती पियानो लावायचा हे त्याला विचित्रच वाटलं, पण तू तंबोरा घेऊन बाजूला बसणार म्हटल्यावर तो तयार झाला. त्याने विचारलं, 'सा कुठला धरू मॅडम?'

'काळी चार.'

मी म्हटलं, 'कुंदा, पांढरी पाच सांग.'

'माझा सा मला माहीत आहे.'

'माहीत आहे म्हणूनच म्हणतोय. आता खोटं कुणासाठी? इथे तर आपणच आहोत.'

ट्यूनर एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. तू अगदी थंडपणे म्हणालीस, 'दिलीपराव, आपण आता घरी जावं.' आयुष्यात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलंस. मी चहाही न पिता निघालो आणि जिन्यात मला इतका राग आला होता की लिफ्ट आहे हेही लक्षात राहिलं नाही.

बरेच दिवस तू फोन केला नाहीस, मीही नाही. तो माणूस पुन्हा पुन्हा येत होता, हे सईकडून कळायचं. तू डोळे मिटून 'उतरव, अजून, बस' म्हणत एकेक तार त्याच्याकडून लावून घेतलीस. मग एका दुपारी फोन आला. तू नुसतं 'पोहे केलेत' म्हणालीस.

मी आलो. तू पियानोपाशी बसलीस आणि काळी चारवरून सुरू केलंस. पंचमापर्यंत ठीक. त्याच्या वर आवाज ओढावा लागला, आणि वरच्या सा-ला पोचलाच नाही. तू थांबलीस. माझ्याकडे न बघता एक पट्टी खाली आलीस, पांढरी पाचवर, आपल्या आताच्या खऱ्या सा-वर, आणि तिथून गंधार वाजवलास. देवा. शेजारच्याच पट्टीवर सगळ्यात जास्त बिघडतं हे आपल्या दोघांच्या डोक्यात कसं आलं नव्हतं? काळी चारशी सगळं खरं लावताना पांढरी पाच स्वतः खाली उतरली होती आणि तिचा गंधार वर चढून बसला होता. तो इतका चढला होता की तू हात मागे घेतलास. म्हणालीस, 'हॉटेलातला बरा होता रे याच्यापेक्षा.' आणि हसलीस. मला हसू आलं नाही. एवढी वर्षं थांबून लावून घेतलेला पियानो, तुझ्या गळ्याला जगातल्या कुठल्याही पियानोपेक्षा परका झाला होता.

मग तू परत काळी चारवर आलीस, पण वर गेलीच नाहीस. खालच्या सप्तकात, आणि वर फक्त गंधारापर्यंत. बुवांच्या घरात आपण सुरुवात केली तेवढ्याच जागेत. डाव्या हाताने सा आणि पंचम धरलेस, उजवा हात नुसता गंधाराच्या पट्टीवर ठेवलास, आणि गात हळूहळू वर येत गंधाराला आलीस, तशी ती पट्टी दाबलीस.

तुझा गळा कुठे थांबला आणि तार कुठे सुरू झाली ते मला कळलं नाही. मला, पेटीवाल्याला, ज्याचा जन्म हेच ओळखण्यात गेला. खोलीत एकच सूर होता आणि तो कुणाचाच नव्हता. मी रडलो. लाज वाटायचं कारण नाही, रडलो. कुणी मला विचारलं की तुमच्या आयुष्यात काय झालं, तर मी हे सांगेन, की एका दुपारी कर्वेनगरला मी असा गंधार ऐकला. त्याच्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर तू म्हणाली असतीस, रडतोस काय, पोहे गार होतायत. तेच म्हणालीस तू, मी तोंड उघडायच्या आधी.

मी खिशातून फोन काढला, रेकॉर्ड करायला. 'ठेव तो,' तू म्हणालीस. 'हे अर्धं आहे. पाऊस संपला की त्याला परत बोलावू, पांढरी पाचवर घेऊ सगळं. मग कर काय करायचं ते.' पांढरी पाच. तुझ्या तोंडून ते नाव मी प्रथमच ऐकलं. भांडण मी जिंकलो होतो. घरी येताना मी रस्त्याने शीळ घालत होतो, या वयात, आणि सिग्नलला एक पोरगी माझ्याकडे बघून हसली.

पाऊस संपलाच नाही. तुझ्या फुप्फुसात पाणी झालं, मग मास्क, मग ती खोली जिथे एकेकाला थोडा वेळ आत सोडतात. मी आत येऊन तुला सांगितलं की ट्यूनरशी बोलून ठेवलंय, पांढरी पाच म्हणून. तू मान हलवलीस. ती हो होती की राहू दे होती, त्याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही. मी विचारायला हवं होतं असं लोक म्हणतील. विचारलं असतं तर मास्कमधून तू काय सांगणार होतीस?

तू गेल्यावर सईने तुझा फोन धुंडाळला. गाण्याचं काही नाही. तुझा आवाज आहे, पण तो 'दिल्या, येताना कोथिंबीर आण' असा आहे. विद्यार्थ्यांकडे सरगम सांगतानाच्या फिती आहेत, त्यात तू दर ओळीला थांबून त्यांना दुरुस्त करतेस. आणि ती मालिकांची गाणी. आमच्या शेजारच्यांकडे अजून त्यातलं एक रोज संध्याकाळी लागतं. त्या कोरसमध्ये तू आहेस हे मला माहीत आहे, मी तेव्हा स्टुडिओच्या बाहेर बाकावर बसलो होतो. पण कितीही कान दिला तरी त्यातून तुला वेगळं काढता येत नाही. तू तुझं काम चोख करायचीस, मागच्या आवाजात मिसळून जायचीस. कशाला इतकं चोख केलंस?

सईने मला विचारलं होतं, 'काका, तुम्ही नेता का पियानो?' चांगली पोर आहे, मनापासून विचारलं. आमचा नारायण पेठेतला जिना तुला माहीत आहे. त्यावरून आमचं कपाट तीन तुकडे करून आणलं होतं. आणि नेऊन करणार काय? त्याच्यावर गाणारं कोण? काळी चारवर गाणाऱ्या मुली पुष्कळ मिळतील, पण तू 'अजून, बस' म्हणून जिथे थांबवलंस तिथे थांबणारी कोण आहे? शाळा म्हणाली, आम्ही आनंदाने घेऊ, फक्त नीट ट्यून करून द्या, मुलं वाजवणार. त्यांचं बरोबरच आहे. आहे तसा तो दिला तर पोरं प्रार्थना सुरू करतील आणि बाई म्हणतील पियानो बिघडलाय.

तर आज सकाळी मी आणि तोच ट्यूनर, तुझ्या फ्लॅटवर. सई आत तुझे कपडे आवरत होती. बंद घराचा वास भरला होता. मी त्याला म्हटलं, जरा थांब, मला एकदा बसू दे. स्टुलावर बसलो आणि डावा हात आपोआप पेटीचा भाता शोधायला पलीकडे गेला. ट्यूनरने पाहिलं, हसला नाही. मी काळी चार दाबली. मग गंधार दाबला.

तो तिथे नव्हता, कुंदा. पियानोच्या एका सुराला तीन तारा असतात; त्या तिन्ही तीन वाटांनी गेल्या होत्या आणि सूर नुसता डुगडुगत होता. ट्यूनर म्हणाला, 'होणारच काका. घर बंद, हवा दमट, लाकूड फुगतं. त्यात ताज्या फिरवलेल्या तारा.' म्हणजे मोडायला आम्ही आलो त्याच्या आधीच मोडलं होतं. कुणी मोडलं नाही. कुणाशी भांडू?

त्याने खरंच भल्या मनाने विचारलं, 'आहे त्याची फोनवर मापं घेऊन ठेवू का? ॲप आहे. नंतर कधी लावायचं झालं तर.' मी नको म्हटलं. ती पावसाळ्याची मापं झाली असती, तुझी नाही.

माणूस गेलं की म्हणायची पद्धत आहे, की त्यांचा सूर आमच्या कानात कायम राहील. सभेतही दोघातिघांनी म्हटलं. म्हणू देत. मी रोज तो गंधार आठवून बघतो आणि रोज तो मला आदल्या दिवशीपेक्षा जरा चढा ऐकू येतो. माझ्या कानांवर जन्मभर माझ्याच पेटीचा संस्कार आहे, ते त्याला हळूहळू आपल्याकडे ओढून घेतायत. थोड्या दिवसांनी मला पेटीचाच गंधार ऐकू येईल आणि मी तो तुझा समजेन. त्या दिवशी माझ्या लक्षातही येणार नाही. मला याची भीती वाटते. मरणाची वाटत नाही एवढी.

ट्यूनरने काम केलं. भराभर केलं, कारण आता डोळे मिटून 'अजून, बस' म्हणणारं कुणी नव्हतं. फोनवरचा काटा मधे आला की पुढची तार. मी खिडकीपाशी उभा राहून ऐकत होतो. एकेक सूर सरळ होत गेला, स्वच्छ, ठाम, कुणाचीही तक्रार नसलेला. मग तो उठला आणि म्हणाला, 'बघा काका, बरोबर आहे ना?'

मी बसलो, थोडं वाजवलं. बरोबर होतं. उत्तम लावला होता त्याने, खोड काढायला जागा नव्हती. तसं त्याला सांगितलं. तो चाव्या पिशवीत भरत होता. उगीच, जन्माची सवय म्हणून, मी विचारलं, 'सा कुठला धरला?'

'आता कुठलाही धरा काका,' तो म्हणाला, 'सगळे सारखेच.'

मी काळी चार धरून गंधार वाजवला. पांढरी पाच धरून वाजवला. मग एकेक करत सगळ्या पट्ट्या धरून पाहिल्या, सई दारात येऊन उभी राहीपर्यंत. त्याचं खरं होतं. तू कुठल्याच पट्टीवर नव्हतीस.